ओढ्याकाठचं इंजेक्शन

"देचूला नको न्यायला. तिला काही झालं तर आई आपल्याला सोलून काढेल," चिण्णप्पा म्हणाला आणि खेकडे पकडायची बादली घेऊन धाकट्या बहिणीसोबत, नीलासोबत, कॉफीच्या मळ्यातून ओढ्याकडे निघाला.

मामेभावाचं हे बोलणं देचम्मानं पडवीतून ऐकलं. विराजपेटजवळच्या मामांकडे ती दर सुट्टीत यायची आणि दर सुट्टीत हेच व्हायचं. काजूचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा. त्यामुळे तिचं ताट वेगळं, भांडी वेगळी आणि बसायची जागाही वेगळी. मामी याला लाड म्हणायची.

तरी ती मागोमाग गेलीच. असा त्रास झालाच तर लगेच टोचायचं, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन असलेलं पेन कमरेच्या पिशवीत होतं. ओढ्यापासून जरा लांब, एका खडकावर ती एकटीच बसली.

चिण्णप्पानं एक कुजका ओंडका उलटला आणि मानेवर चापट मारली. मुंगी असेल, असं म्हणून तो पुन्हा पाण्यात उतरला. थोड्याच वेळात तो काठावर येऊन ओकला. नीला हसली. देचम्मा मात्र उठून जवळ आली. त्याच्या पोटावर लाल गांधी उठल्या होत्या आणि आवाज घोगरा झाला होता.

"देचू, मला कसंतरीच होतंय," तो म्हणाला.

तिनं नीलाला मामांना आणायला पिटाळलं. त्याला आडवं केलं आणि त्याचे पाय ओंडक्यावर टेकवले.

उत्तय्यामामा धापा टाकत आले. ऊन लागलंय, घरी जाऊन लिंबूपाणी पिऊ दे, असं म्हणून ते त्याला उठवू लागले. चिण्णप्पाचे ओठ निळसर पडले होते आणि छातीत घरघर सुरू झाली होती.

"मामा, उभं नका करू त्याला. हे ऊन नाही. मला होतं ना, तेच झालंय."

"तुला सगळीकडे तेच दिसतं," मामा वैतागून म्हणाले. त्याला तसाच सोडून मामीला फोन लावायला ते रेंज शोधत चढावर गेले.

देचम्माकडे ते एकच पेन होतं. तिनं झाकण काढलं, त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला चड्डीवरूनच पेन दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. मामा परतले तेव्हा रिकामं पेन तिच्या हातात होतं. ते काही बोलणार, एवढ्यात चिण्णप्पाच्या छातीतली घरघर कमी होऊ लागली.

मग कॉफी वाळवायच्या ताडपत्रीवर निजवूनच मामांनी त्याला जीपपर्यंत नेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना त्याच्या कानामागे, केसांत, मधमाशीचा काटा सापडला. त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून त्यांनी त्याला ठेवून घेतलं. मग मामांकडे वळून त्या म्हणाल्या, "नुसत्या लिंबूपाण्यावर राहिला असतात, तर हा इथवर पोचला नसता. या मुलीनं वाचवलंय त्याला." मामांनी मान खाली घातली आणि देचम्माच्या डोक्यावर हात ठेवला. मामी तर नुसती रडत होती.

मोठी माणसं बाहेर गेल्यावर चिण्णप्पानं तिला जवळ बोलावलं.

"देचू, तिथं पडलो होतो ना, तेव्हा वाटलं आता सगळं संपणार. कुणाला सांगताही येत नव्हतं. तुलाही असंच वाटतं?"

आजवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या खाटेला अगदी लागून बसली.