दोराच्या त्या टोकाला

ही ऐकीव गोष्ट नाही. हिवरा आश्रमाजवळच्या तलावावर मोटरबोट चालवणारे जानराव आजही तिथंच आहेत. ज्याला पटत नसेल, त्याने जाऊन त्यांना विचारावं.

गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी. दिवस मावळायला आला होता.

सहलीच्या पायडल बोटी काठाला लागल्या होत्या. एक सोडून.

ती तलावाच्या मधोमध अडकली होती. पायडलची साखळी तुटलेली. आत धाड गावचे शकूर मेकॅनिक, त्यांची बायको गुलनार आणि तिच्या मांडीवर लहान मुलगी.

जानराव दोर घेऊन निघाले. एकटेच.

आधी असं नव्हतं. बंद बोट ओढून आणायची असली, की त्यांची बायको अंबूबाई त्या बोटीत मागे जाऊन बसायची. रिकामी बोट ओढली, तर ती डावीकडे-उजवीकडे भरकटते, पुढच्या बोटीला हिसके देते. मागे वजन असलं आणि कोणी वल्हं धरलं, की सरळ येते.

पोळ्यानंतर अंबूबाई तापानं गेली. तिच्या जागी जानरावांनी कोणालाच बसू दिलं नाही.

ते पोचले, तेव्हा गुलनार नवऱ्यावर चिडली होती.

"मेकॅनिक म्हणवता, अन् पायडल तोडून ठेवलं!"

"मी तोडलं का? तूच जोरात मारून राह्यली होती!"

जानरावांना हसू आलं. खूप दिवसांनी.

"भांडण काठावर करजा. आधी जाकिटं घट्ट बांधा, अन् एकेक जण माह्या बोटीत या. हळू."

त्यांनी दोर बांधला. लांब सोडला. मोटर अगदी हळू चालवली.

मागची रिकामी बोट भरकटू लागली. एक हिसका... पुन्हा हिसका...

आणि मग हिसके थांबले.

दोर सरळ ताणलेला. अंबूबाई बसायची, तेव्हाच तो असा राहायचा.

मागून आवाज येऊ लागला... चुबुक... चुबुक... वल्हं पाण्यात बुडावं तसा.

वल्हं तर जानरावांच्या पायाशी पडलं होतं.

"चाचा," गुलनार म्हणाली, "त्या बाईले जाकीट काऊन नाही देलं?"

"कोणत्या बाईले?"

"मांगच्या बोटीत बसली ना... ते."

जानरावांनी वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. पण बोटीचं नाक वर उचललेलं होतं... आणि मागचा भाग दबलेला.

 शकूर यांनी मुलीला जवळ ओढलं.

जानरावांना भीती वाटली नाही. त्यांनी मोटर आणखी हळू केली. काठ येऊच नये, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वारा सुटला.

लाटा मागच्या बोटीत शिरू लागल्या. ती भरत गेली, जड होत गेली. तिच्या ओढीनं मोटरबोटही मागून खाली गेली. पाणी आत आलं.

"चाचा, दोर कापा!" शकूर ओरडले.

जानरावांनी सुरी काढली. दोरावर ठेवली.

हात पुढे जाईना.

"चाचा, पोरगी हाय हो माही!"

त्यांनी डोळे मिटले. सुरी दाबली की नाही, ते त्यांना आजही आठवत नाही.

दोर एकदम सैल झाला...

मोटरबोट पुढे उसळली. सगळे काठाला लागले. मुलगी रडत होती, पण धड होती.

अंधार पडत होता. जानरावांनी दोर ओढून घेतला.

तो कापलेला नव्हता. तुटलेलाही नव्हता. त्या टोकाची गाठ कोणीतरी सोडली होती. ओली, ताणलेली गाठ हातांशिवाय सुटत नाही.

सकाळी ती बोट तलावाच्या बांधाच्या भिंतीजवळ उपडी सापडली.

जानराव अजून बोट चालवतात. झोप मात्र लागत नाही.

अंबूनं दोर त्या पोरीसाठी सोडला... की आपल्या हातातली सुरी पाहून?