लाकडी अंडी

एका कुरव पक्षिणीच्या पायातलं, बोटाच्या पेराएवढं यंत्र काढून आणायचं, एवढ्यासाठी आम्ही पाणथळीवर निघालो होतो. ते माझ्या नवऱ्याने गेल्या वर्षी एका पिवळ्या वळ्यासोबत बांधलं होतं. पक्ष्यांच्या पायात वळी घालणं हेच त्याचं काम. ही बया हिवाळ्यात जाते कुठे, हे त्याला काही केल्या कळत नव्हतं. यंत्रात तिचा सगळा प्रवास नोंदला जाणार होता. ती परत आली. तो मात्र त्याच हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. यंत्राची पट्टी आता झिजत आली होती. पिल्लं उडाली की पक्षीण निघून जाणार आणि यंत्र कुठल्यातरी समुद्रात गळून पडणार. त्याचा शेवटचा प्रश्न असा पाण्यात जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. बाकी मला काही वाटतच नव्हतं. दुःखसुद्धा नाही. लोक म्हणत, धीराची आहे. धीर कसला? दात काढल्यावर गालाचं जसं होतं, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

त्याच्या टेबलावरून मी सामान उचललं. जाळीचा पिंजरा, कातर, आणि त्याने रंगवलेली तीन लाकडी अंडी. पक्षीण पकडताना खरी अंडी फुटू नयेत म्हणून घरट्यात लाकडी ठेवायची आणि खरी उबेत सांभाळायची, अशी त्याची रीत. रंगाचा ब्रश अजून बरणीत उभा होता, वाळून ताठ झालेला.

सोबत माझे धाकटे दीर होते. शिवणकामाचं दुकान सोडून भावजी कधी गुडघाभर पाण्यातही उतरले नव्हते. होडी नावाडीकाकांची.

"वर पाऊस झालाय," काका म्हणाले. "धरणाचं दार कधी उघडतील, नेम नाही. पाणी चढलं की मी शिट्टी मारीन. मग कसलाही पक्षी असो, सोडून यायचं."

चिखलाच्या पट्ट्यापुढे होडी जाईना. आम्ही उतरलो.

"वहिनी, पाणी आहे की बर्फ! तुम्हाला थंडी वाजत नाही?"

"नाही." खरंच वाजत नव्हती.

उथळ पाण्यात काही कुरव जागच्या जागी भराभर पाय आपटत होते. त्या थरथरीने चिखलातले किडे वर येतात आणि त्यांना आयते टिपता येतात. "आमचं शिलाई मशीन असंच चालतं," भावजी म्हणाले. एरवी मी हसले असते.

बेटाच्या कडेला पोचलो आणि आभाळच अंगावर आलं! शेकडो कुरव किंचाळत उठले.

"काठी वर धरा! जे उंच दिसेल त्यावर झडप घालतात ते!" मी ओरडले.

भावजींनी काठी उंचावली आणि त्यांचा पाय घसरून चिखलात रुतला. मांडी गेली. कंबर गेली! काठी सुटली आणि कुरवांना भावजींचं टक्कल सापडलं.

"झाडू नका पाय! आडवे व्हा!"

मी पालथी पडले. पिंजरा पुढे सारला. त्यांनी तो धरला. ओढलं. पुन्हा ओढलं! चिखलाने एक बूट ठेवून घेतला आणि भावजी परत दिले.

पिवळ्या वळ्याच्या पक्षिणीचं घरटं लव्हाळ्यापाशी सापडलं. मी अंडी बदलली, वर पिंजरा लावला. खरी अंडी नवऱ्याच्या लोकरी टोपीत घालून स्वेटरखाली पोटाशी धरली, आणि आम्ही लव्हाळ्यात दडून बसलो.

ती यायची चिन्हं दिसेनात. तेवढ्यात शिट्टी वाजली!

पाणी चढत होतं. शेजारच्या घरट्यांवर एकच धांदल उडाली. पूर आला की कुरव काडी काडी आणून अंड्यांखाली सारतात आणि घरटं उंच करतात. आमचीही चोचीत गवत घेऊन आली. पिंजऱ्याच्या दाराशी थबकली.

"एकच पाऊल," भावजी कुजबुजले.

माझ्या पोटाशी टकटक झाली. मी दचकले. टोपीतून बारीकशी चिवचिव आली. बाहेर तिने गवत टाकलं, मान ताणली आणि हाक दिली. टोपीतून उत्तर गेलं.

मी उठले.

"वहिनी, काय करताय! दादाचं काम आहे ते!"

"तिला पकडून पट्टी कापेपर्यंत घरटं बुडेल."

"मग दादाचं काय?"

"दादांनी लाकडी अंडी कशाला रंगवली होती, भावजी? खरी जगावीत म्हणूनच ना?"

मी पिंजरा काढला, लाकडी अंडी काढून खरी ठेवली. एकाला तडा गेला होता आणि त्यातून इवलीशी चोच दिसत होती.

मग धावलो! वाट पाण्याखाली गेली होती. पाणी कमरेला आलं. छातीला आलं! "दोर!" काका ओरडले. भावजींनी तो झेलला, मी भावजींना धरलं. एक हिसका! आम्ही होडीत आदळलो.

मी मागे पाहिलं. ती अंड्यांवर बसून गवत ओढत होती. यंत्र तिच्या पायातच होतं, आणि अंडी फुटल्यावर ती पुन्हा पिंजऱ्यात शिरणार नव्हती. ती हिवाळ्यात कुठे गेली होती, हे आता मला कधीच कळणार नव्हतं.

हातात एक लाकडी अंडं राहिलं होतं. मी ते उलटं केलं. जो भाग घरट्यात खालीच जाणार, पक्षिणीलाही दिसणार नाही, तिथेसुद्धा त्याने एकेक ठिपका मन लावून काढला होता.

माझे दात वाजायला लागले.

"भावजी," मी म्हणाले, "थंडी वाजतेय हो."

त्यांनी आपला कोट माझ्या अंगावर टाकला. तो ओलाचिंब होता. मी तो घट्ट ओढून घेतला आणि ढसाढसा रडले.