टेकवलेली कुऱ्हाड

कडावला शेताच्या कडेला एक घर होतं. घरात माणसं तीन. मी विमल, माझा लेक राजेश आणि सून सुरभी. बांधावर ऐनाचा एक वृक्ष होता. माझ्या सासऱ्यांनीही तो म्हाताराच पाहिलेला.

राजेशनं टेंपो घेतला. दारापर्यंत आणायला ऐन आडवा येत होता. आमच्याकडे झाड तोडायच्या आदल्या दिवशी मुळाशी कुऱ्हाड टेकवून ठेवतात. सकाळी ती उभी असली तर झाडाची हरकत नाही. पडलेली दिसली, तर झाड नाही म्हणालं. मग मुकाट घरी यायचं.

"आये, मी मशीन आणलंय. कुऱ्हाड हाय कुठं टेकवायला?" राजेश हसला. अर्ध्या तासात ऐन खाली.

त्या दिवसापासून राजेश बसेना. जेवण उभ्यानं, झोप उभ्यानं. नडग्यांवरची कातडी काळी पडून चौकोनी चौकोनी तडकली. कर्जतच्या डॉक्टरांनी मलम दिलं. ते चोळताना माझ्या हाताला कळलं. ही ऐनाची साल मी जन्मभर चाचपली होती. आठव्या दिवशी त्याचे पाय अंगणातून उचलेनात. अंगाला ओल्या लाकडाचा वास.

"आये... खालून गार चढतंय गं..." एवढंच बोलायचा.

सुरभी बंगलेवाल्यांना झाडांची चित्रं काढून द्यायची. रंग तेलाचे, आणि ब्रशाऐवजी हातात बोथट सुरी. नाईफ म्हणायची ती. मला ते गवंड्याच्या थापीचं पिल्लू वाटायचं. रंग थापायचा, खरवडायचा, की साल तयार.

"आई, ऐनाला परत उभं करू," ती म्हणाली. "तुमी आठवून सांगा, मी थापते."

दुपारीच बसलो. आभाळ भरून आलेलं, घरात अळशीच्या तेलाचा उग्र वास. मी डोळे मिटून सांगत गेले. वासराच्या दाव्याचा वळ. विजेनं सोललेली फांदी. मधमाश्यांची ढोली. सुरी कापडावर खर्र... खर्र... वाजायची, आणि तिच्यामागोमाग अंगणात काहीतरी टप्पकन पडायचं. राजेशच्या पायावरची खपली.

"झालं, आई?"

"नाय. मुळाशी कुऱ्हाड टेकव. त्याला इचारायचं राहिलंय."

तिनं टेकवली. दांडा तांबूस, पातं करडं.

बाहेर धप्प आवाज झाला. आम्ही धावलो. राजेश मातीत फतकल मारून बसला होता, रडत होता.

"भूक लागली, आये."

मग दिवस पालटले. टेंपोला शिळफाट्यापर्यंतची भाडी मिळू लागली. लग्नाच्या सातव्या वर्षी सुरभीला मुलगी झाली. चित्र आम्ही माजघरात टांगलं. बंगलेवाल्यांनी मागितलं, दिलं नाही. रंग वाळून दगड झाला होता.

बारशाला घर माणसांनी भरलं. पाळण्याची दोरी ओढता ओढता माझी नजर वर चित्राकडे गेली. मुळाशी कुऱ्हाड नव्हती. ती गवतात आडवी पडली होती. तोच तांबूस दांडा, तेच सुरीचे फटकारे. पातं आमच्याकडे.

"सुरभे... चित्राला हात लावलास काय गं?"

"नाय हो आई. बाळंतिणीच्या खोलीतून आजच बाहेर आले."

राजेश सकाळपासून पंगतीत वाढत होता. मी म्हटलं, "दमलास रं. बस घटकाभर."

"नको आये," तो हसला. "उभाच बरा हाय."