फिरकीतले चेहरे

धुळ्याच्या लोकशोध केंद्राच्या प्रयोगशाळेत हेमांगी दुसाने सकाळपासून एकाच आकड्यापाशी अडून बसली होती. दोनशे बारा. एका मोबाइलवर, एका महिन्यात, एकाच माणसाचा फोटो दोनशे बारा वेळा दिसला होता. तिने नोंदी तीनदा तपासल्या. आकडा हलायला तयार नव्हता.

केंद्राकडे राज्यभरातल्या बेपत्ता माणसांचे एक्केचाळीस हजार फोटो होते. एस. टी.चे वेळापत्रक, परीक्षांचे निकाल, बाजारभाव, दवाखान्याची वेळ घेणे, अशा कोणत्याही सरकारी पानावर गेले की डाव्या कोपऱ्यात त्यांतला एक चेहरा दिसे. खाली नाव, गाव, साल, फोटोचा क्रमांक आणि केंद्राचा फोन नंबर. पान पुन्हा उघडले की चेहरा बदलायचा. हे बदलण्याचे काम करणारा सर्व्हरवरचा छोटासा प्रोग्रॅम हेमांगीने नऊ वर्षांपूर्वी, २०३४ साली लिहिला होता. तिने त्याचे नाव ठेवले होते चित्रफिरकी.

डॉ. गुलशेर तडवी हे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ. केंद्राचे काम तपासायला ते महिनाभरासाठी आले होते. हेमांगीने त्यांना आकडा दाखवला तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसायला घेतला.

“आधी तुझी फिरकी मला नीट समजावून सांग. मी आकड्यांतला माणूस, सर्व्हरमधलं मला काही कळत नाही.”

“सोपं आहे, सर. पान उघडलं की पानातून मागणी येते, एक फोटो पाठवा म्हणून. पूर्वी फिरकी डोळे मिटून चिठ्ठी उचलायची. एक्केचाळीस हजारांतली कुठलीही. सगळ्यांना सारखी संधी.”

“आणि आता?”

“दोन वर्षांपूर्वी सगळ्या मोबाइलमध्ये नजरमापक आला. माणूस पडद्यावर कुठे आणि किती वेळ बघतोय ते त्याला कळतं. म्हणून मी फिरकीला शिकायला लावलं. ज्या फोटोवर नजर थांबेल, तसले फोटो त्या मोबाइलवर जास्त पाठवायचे. म्हणजे समजा, कुणाची नजर शिंदखेड्याच्या माणसावर रेंगाळली, तर त्याला शिंदखेड्याचे आणखी चेहरे दाखवायचे. त्यात ओळखीचं कुणी निघण्याची शक्यता जास्त, नाही का?”

“लहान मुलं वस्तू लपवून खेळतात तसं. जवळ आलास, लांब गेलास.” तडवी सरांना ते आवडलेले दिसले. “आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग साल. बरं, मोबाइल कुणाचा हे फिरकीला कळतं?”

“नाव कळत नाही. प्रत्येक मोबाइलला आम्ही एक यंत्रखूण देतो, नुसता आकडा. पण तो कुठल्या भागात आहे ते कळतं. हा मोबाइल नांदेडला आहे.”

“आणि फोटो?”

“एकनाथ अहिरराव. साक्रीचे. एस. टी.चे ड्रायव्हर होते. सहा वर्षांपूर्वी ड्युटीवरून घरी आलेच नाहीत.”

तडवी सर बराच वेळ आकड्यांचा तक्ता वरखाली करत राहिले. “नातेवाईक असता तर एव्हाना फोन केला असता. ओळखीचा असता तर दहा वेळा बघून कंटाळला असता. नजर थांबण्याचा वेळ बघ. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद. दोनशे बाराव्या वेळीही अठ्ठावीस. हेमांगी, इतक्यांदा आणि इतका वेळ माणूस कुणाचा फोटो बघेल?”

“स्वतःचा,” हेमांगी म्हणाली.

केंद्राचे संचालक पद्माकर वाघुळदे यांनी लगेच नांदेडच्या पोलिसांना कळवले. एकनाथ अहिरराव एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन म्हणून काम करत होते. त्यांच्या बसखाली एक सायकलवाला सापडला होता. तो मेला असे समजून ते परागंदा झाले होते. तो जिवंत होता, आणि चौकशीत चूकही त्याचीच निघाली होती. हे त्यांना हवालदाराकडून कळले. दुसऱ्या दिवशी ते साक्रीला पोहोचले. त्यांच्या बायकोने केंद्रात पेढे पाठवले.

वाघुळदे साहेबांचा आनंद पोटात मावत नव्हता. “दुसाने मॅडम, असे आणखी किती असतील?”

तडवी सरांनी चाळणी लावली. एकच चेहरा पुन्हा पुन्हा आणि नजर न विटता बघणारे मोबाइल निघाले तीन हजार एकशे सहा.

हे मुद्दाम कुणी शिकवले नव्हते. फिरकीला एवढेच सांगितले होते की नजर थांबेल ते दाखव. आणि बेपत्ता माणसाच्या फोटोवर सर्वांत जास्त नजर थांबते ती त्या बेपत्ता माणसाची. फिरकी आपल्या वाटेने बरोबर तिथे जाऊन पोहोचली होती. हेमांगीला त्या दिवशी जेवण सुचले नाही. आपल्या हातून इतके मोठे काही घडले आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याचे तिला नवल वाटत राहिले.

दुसरे नाव निवडले अर्पिता खैरनार हिचे. शिरपूरची, वय तेवीस, दोन वर्षांपूर्वी घरातून गेलेली. मोबाइल इचलकरंजीत. पोलीस एका कपड्याच्या कारखान्यात गेले, मालकांना भेटले, हजेरीपट बघितला आणि तिला बोलावणे पाठवले. ती आलीच नाही. मागच्या दाराने निघून गेली होती, डबासुद्धा न घेता. खोलीत तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीला तिने जाता जाता एवढेच विचारले होते, “भाऊ आलाय का त्यांच्याबरोबर?”

त्यानंतर तो मोबाइल कधीच कुठले पान उघडताना दिसला नाही.

हेमांगीने ती यंत्रखूण आठवडाभर रोज तपासली. तपासताना तिला अर्पिताचे ते वाक्य आठवे आणि बोटे थांबत. दोन वर्षे ती मुलगी कुठेतरी सुखरूप होती. तिने कुणाकडे काही मागितले नव्हते. फक्त अधूनमधून आपला फोटो बघत होती. तेवढ्यावरून आपण पोलीस तिच्या दारात नेऊन उभे केले.

त्याच आठवड्यात खात्याचे पत्र आले. तीन हजार एकशे सहा मोबाइलची यादी, ठिकाणांसह, सोमवारी सर्व जिल्ह्यांच्या पोलिसांना द्यावी.

“साहेब, यादी देऊ नका,” हेमांगी म्हणाली. “हरवलेला माणूस वेगळा आणि निघून गेलेला वेगळा.”

वाघुळदे वाईट माणूस नव्हते. वीस वर्षे त्यांनी बेपत्तांच्या आईबापांचे फोन घेतले होते. “मॅडम, रात्रंदिवस दाराकडे बघत बसलेल्या माणसांना मी काय सांगू? तुमचा मुलगा कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे, पण सांगणार नाही?”

“आणि अर्पिताला काय सांगाल?”

“एक गेली. शंभर परत येतील.”

“किती परत येतील आणि किती पळतील, हे गणित मला मांडता येत नाही,” तडवी सर मध्येच म्हणाले. “तुम्हालाही येणार नाही, साहेब. फिरकीला नजर कळते. त्या नजरेमागचं कारण तिला कळत नाही. अहिरराव आणि ही मुलगी तिच्या लेखी अगदी सारखे आहेत.”

“मग आधी पानावरूनच त्यांना निरोप पाठवू,” हेमांगी म्हणाली. “यायचं का, म्हणून विचारू.”

“आम्ही तुम्हाला पाहिलंय, असा निरोप आल्यावर कोण थांबेल तिथे?” वाघुळदे म्हणाले. “पत्र आलंय. सोमवारी यादी जाईल.”

शनिवारी दुपारी हेमांगीने केंद्राची नियमावली काढली. यंत्रखुणांच्या नोंदी सांभाळण्याची जबाबदारी तिच्या नावावर होती, आणि नियम तिनेच लिहिला होता: फिरकी चालण्यासाठी गरज आहे तोवरच नोंदी ठेवाव्यात, गरज संपताच पुसाव्यात. तिने फिरकीचे शिकणे बंद केले आणि पूर्वीची समान पाळी लावली. डोळे मिटून चिठ्ठी, सगळ्यांना सारखी संधी. आता नोंदींची गरज उरली नाही. मग तिने त्या पुसल्या, जपून ठेवलेल्या प्रतींसकट. काय केले आणि का केले याचे दोन पानी पत्र लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवले.

तडवी सर शेजारी उभे होते. “आता कुणाला स्वतःचा चेहरा दिसण्याची शक्यता एक्केचाळीस हजारांत एक,” ते म्हणाले. “रोज वीस पानं उघडली तरी सरासरी साडेपाच वर्षं.”

“म्हणजे त्यांना आता कुणी शोधू शकणार नाही.”

“नाही शोधू शकणार.”

सोमवारी वाघुळदेंची कारणे दाखवा नोटीस शिपायाच्या हाती आली. ती वाचत असतानाच बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. तिथे बसणारी ताई रजेवर होती, म्हणून हेमांगीने उचलला.

“तो फोटो काढला का तुम्ही?” पुरुषाचा आवाज. मागे वाहनांचा गोंगाट.

“कोणता फोटो?”

त्याने नाव सांगितले नाही, फोटोखालचा क्रमांक सांगितला. तोंडपाठ. “रोज दिसायचा. शनिवारपासून दिसत नाही. घरी काही झालंय का? आई... आहे ना?”

हेमांगीने क्रमांक शोधला. “फोटो आहे. काढलेला नाही. त्यासाठी अर्ज दरवर्षी घरच्यांना नवा करावा लागतो. तुमच्या, म्हणजे या माणसाच्या आईनं तो मार्चमध्ये स्वतः येऊन केलाय.”

पलीकडून फोन बंद झाला.

तिने रिसीव्हर ठेवला तोच पुन्हा घंटी. या वेळी एक बाई होत्या. त्यांचाही क्रमांक तोंडपाठ. तोच प्रश्न. दुपारपर्यंत सत्तावीस फोन झाले. तडवी सर सकाळीच कागद घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले होते, आणि तिसऱ्या फोननंतर त्यांनी कपाळावर हात मारला.

“आपल्या कसं ध्यानात आलं नाही! दोन वर्षं या माणसांना वाटत होतं की कोपऱ्यात रोज आपलाच फोटो असतो, सगळ्या राज्याला दिसतो. घरचे इतकं शोधतायत. फिरकी तो फक्त त्यांनाच दाखवत होती, हे त्यांना कुठून माहीत असणार? आणि शनिवारी तो एकदम सगळ्यांचा गेला. फोटो गेला याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच. शोधणारं माणूस उरलं नाही.”

“म्हणून ते आपल्याला शोधत आलेत,” हेमांगी म्हणाली.

दुसरा फोन वाघुळदे साहेबांच्या खोलीत वाजू लागला. त्यांनी तो उचलला, आणि हेमांगीने दारातून बघितले तर ते सवयीने पेन काढून विचारत होते, “तुम्ही कुठून बोलताय?” मग त्यांनी कानापासून रिसीव्हर दूर धरला. फोन तुटला होता. पुढच्या फोनला त्यांनी फक्त क्रमांक विचारला.

आठ दिवसांत अकराशेच्या वर फोन आले. बरेचसे चौकशी करून बंद झाले. चारशे जणांनी घरचा नंबर मागून घेतला. काहींनी विचारले, अर्ज कुणी केलाय, आणि नाव ऐकताच फोन ठेवून दिला. अर्पिताचा क्रमांक कुणी सांगितला नाही. प्रत्येक घंटीला हेमांगी तो ऐकू येईल म्हणून थांबायची.

नवव्या दिवशी एका मुलाचा फोन आला, आता मुलगा कसला, तिशीतला पुरुष. बारा वर्षांपूर्वी गेलेला. आईने अर्ज नवा केलाय हे ऐकल्यावर तो म्हणाला, “मला यायचं नाहीये. तसं आधीच सांगतो.”

“कुणी या म्हणत नाहीये.”

“पण तो फोटो दहावीचा आहे. मी आता तसा दिसत नाही. दाढी आहे. जाड झालोय. नवा पाठवू का?”

“पाठवा.”

“कोपऱ्यात लावू नका. नुसता आईला दाखवा.”

तिने केंद्राचा ई-मेल पत्ता सांगितला. पाच मिनिटांनी फोटो आला. चार पेरूंची टोपली घेऊन उन्हात उभा असलेला एक जाडसर माणूस, डोळे बारीक केलेले. मागच्या दुकानाची पाटी त्याने फोटोतून बोटाने खरवडल्यासारखी पुसून टाकली होती. हेमांगीने आईचा नंबर काढला आणि लावला.