दोन हलक्या, एक जड

आमच्या आरामघरात आयांनी दुपारी झोपायचं, असा नियम होता. आजारानं खंगलेल्या, एका खोलीत संसार करणाऱ्या बाया शहरातून मुलांसकट इथे विश्रांतीला येत. मी तिथली डॉक्टर. दूध, ऊन आणि झोप, एवढंच आमचं औषध.

"फुकटचं दूध, आणि वर झोपायची सक्ती," सूतगिरणीतली एक बाई म्हणाली. "सासूबाईंना सांगितलं, तर म्हणतील, तापात बरळतेय."

हसली ती, पण तिचा दीड वर्षाचा मुलगा अंगणापलीकडच्या खोलीत वेगळा ठेवलेला होता. डांग्या खोकला. ती स्वतःच नुकती तापातून उठलेली, म्हणून तिलाही तिकडे मज्जाव. खोकल्यानं त्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. असंच चाललं तर तो हाती लागणार नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कळत होतं.

मग एका दुपारी तो झोपला. पुढे रोजच झोपू लागला. त्याच वेळी इकडे झोपेत आईचा हात गादीवर थोपटत असे. दोन हलक्या थापा, एक जड.

सिस्टर मला त्याच्याजवळ घेऊन गेली. "पांघरूण बघा, बाई."

मुलाच्या पाठीवरचं पांघरूण दबत होतं. दोन हलक्या, एक जड. श्वासानं म्हणावं, तर श्वासाची लय निराळी होती.

दुसऱ्या दिवशी मी झोपलेल्या आईचा हात घट्ट धरून ठेवला. तिकडे दबणं थांबलं, तर सिस्टरनं खिडकीतून हात वर करायचा, असं ठरलं होतं.

तिनं हात वर केला नाही.

मग आम्ही पांघरुणावर पावडर भुरभुरली. तिच्यात पंजा उमटला. माझ्या पंजाच्या निम्मा.

आईला मी एवढंच विचारलं, "घरी त्याला कोण झोपवायचं?"

"थोरली. मी गिरणीत पाळीला जायचे ना. सात वर्षांची, पण थोपटायला मी तिच्याकडून शिकले." तिनं पदर सारखा केला. "याच खोकल्यानं गेली. तो आजारी पडायच्या आधी."

मुलगा बरा झाला. गालांवर बाळसं आलं. निघायच्या सकाळी आई त्याला घेऊन घोडागाडीत बसली, आणि त्यानं भोकाड पसरलं. ती थोपटत होती, तरी.

चादरी काढायला गेलेल्या सिस्टरनं मला हाक मारली. रिकाम्या खाटेवरचं पांघरूण अजून दबत होतं.

सिस्टरनं कमरेवर हात ठेवले. मुलांवर रागवायची, तशीच रागावली.

"अगं वेडाबाई, तो गाडीत बसला. पळ, नाहीतर राहशील मागे!"

पांघरूण थांबलं.

बाहेर घोड्यानं कान टवकारले. गाडीची पायरी किंचित दबली.

रडणं थांबलं.

आईनं वळून पाहिलं नाही. नुसती थोडी सरकली, आणि शेजारी जागा केली.