मुरबाडहून आणलेला टायर

या, जरा जवळ सरका. पत्र्यावर पाऊस वाजतोय, मला ओरडायला लावू नका. एक हकीकत सांगतो. उडत उडत कानावर आलेली नाही. ज्यांच्यावर गुदरली त्यांच्याच ओटीवर बसून, त्यांच्याच हातचा चहा पिऊन ऐकलेली. पांडुरंगाची शपथ, यात माझ्या पदरचं काही नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शहापूरहून डोळखांबला जाणाऱ्या रस्त्यावरची. आणि भर दिवसाची.

रात्र असती तर अंधाराला बोल तरी लावता आला असता...

आटगावच्या बाजूला धाऊबाबा राहतात. भातशेती करणारं जुनं घर. बाबांची हयात कीर्तनात टाळकरी म्हणून गेली. बुवांनी अभंग धरला आणि बाबांचा टाळ पडला, की मांडीवरचं रडतं पोरसुद्धा गप्प व्हायचं. पण वाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पार गेली. सुई टोचली तरी कळेना.

आता त्यांचं एकच मागणं होतं.

"डोळखांबच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला मला ने. माझ्या गाडीवर ने."

गाडी म्हणजे तरुणपणी घेतलेली बुलेट. इंजिन ठणठणीत, पण टायर वाळून भेगाळलेले. मुलानं, ओमकारनं, शब्द दिला. हे बाबांचं शेवटचं कीर्तन, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शहापूरला शामचं गॅरेज आहे. शामनं चाकाभोवती एक फेरी मारली.

"पुढचा टायर हाय माझ्याकडं. मागचा अवघड हाय. आत्ताचा रुंद टाकलास तर मडगार्डला घासंल. जुन्या मापाचा मागवाय लागंल."

"कधी येईल?"

"तुझा काला उरकल्यावर."

"मग कसं रे करायचं?"

"बाबांना रिक्षानं ने. लग्नातल्या नवऱ्यासारखा घोडाच कशाला पायजे?"

ओमकार हसला नाही. मुरबाडला गेला. तिथं अनंता नावाचा माणूस भंगार विकतो. त्याच्याकडं एक टायर निघाला. नेमक्या मापाचा, खाचा शाबूत. एका अंगाला चुन्याचा जाड पट्टा तेवढा ओढलेला.

"हा पट्टा कसला?"

"ओळखीसाठी मारतात. धुतला की जाईल." अनंतानं मान वर केली नाही.

ओमकारनं टायर खांद्याला लावला. वाटेत मान ओलसर वाटत राहिली...

शामनं पट्टा घासून काढला. रिमवर चढवण्याआधी आतून हात फिरवला.

आणि हात थांबला.

"शी!"

बोटांना पिवळट, दाट काहीतरी लागलं होतं. ग्रीस नव्हतं. ग्रीसला असा वास नसतो. खाटकाच्या दुकानामागं पावसाचं पाणी तुंबतं, तसला वास. साबण झाला, रॉकेल झालं. बोटांवरची चकाकी जाईना. मग आतल्या कडेतून एक केस निघाला...

लांब. पांढरा.

ओढला तर आणखी आला. फणीत गुंतावा तसा तो टायरच्या आतून गुंतला होता.

"कुठल्या उकिरड्यातनं उचललास रे हा?" शाम थुंकला.

ओमकारनं रुमाल नाकाला लावला. पण काला दुसऱ्या दिवशी होता.

"पूस, आणि बसव," तो म्हणाला.

घरी गाडी पडवीत लावली. ओमकारची बायको भूमिका पदर नाकाला लावूनच बाहेर आली.

"अगो बाई! काय मेलंय इथं?"

"नवा टायर हाय. वास मारतो."

"नवा? नव्याला असा वास?"

सकाळी ती दार उघडायला गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

पडवीत कुत्री होती. आळीतली सगळी. एकही भुंकत नव्हतं. सगळी मागच्या चाकाला तोंड लावून... चाटत होती.

लप्... लप्... लप्...

पुढच्या चाकाकडं एकही फिरकलं नव्हतं.

भूमिकानं झाडू फेकला. कुत्री हलली नाहीत. उकळतं पाणी आणलं तेव्हा कुठं पांगली. ओमकारनं अख्खी फिनेलची बाटली चाकावर ओतली. बाबा केव्हाचे कपाळी बुक्का लावून, गळ्यात टाळ अडकवून तयार बसलेले. त्यांना काय सांगणार?

भूमिकानं शालीनं बाबांना ओमकारच्या पाठीशी बांधलं. गाडी निघाली.

शहापूर मागं पडलं. रान लागलं. पाऊस बारीक होता.

मागच्या चाकातून आवाज येऊ लागला...

चर्र... चर्र...

तापल्या तव्यावर चरबी टाकावी तसा. ओमकारनं थांबून हात लावला. चाक गार होतं. निघाला, तर पुन्हा चर्र. आणि आता वासही बदलला.

जळक्या केसांचा वास.

"ओमकार..." बाबा कानाशी बोलले. "माझ्या डाव्या कुशीत हात कोन घालतंय?"

"डाव्या? बाबा, तुमाला तिकडं कळतंय?"

"कळतंय रे. बोटं हायत. भिजलेली." बाबांनी उजव्या हातानं ओमकारचा खांदा धरला. "आनि बुळबुळीत."

ओमकारनं ब्रेक दाबला. गाडी बंद पडली ती पडलीच. किका मारून पाय भरून आला. शेवटी शाल सोडून, बाबांना टाकीवर ओणवं बसवून त्यानं गाडी ढकलत रस्त्याकडेच्या एका पत्र्याखाली नेली.

आत गेल्यावर कळलं... ते स्मशान होतं.

तिथं एक माणूस उकिडवा बसला होता. जवळच्या पाड्यावरचा मंगळ्या. त्यानं या दोघांकडं पाहिलंच नाही. तो चाकाकडं बघत होता. उठला, जवळ आला, टायरच्या अंगावर बोट ठेवलं.

शामनं घासून काढलेला चुन्याचा पट्टा तिथं पांढराफटक उभा होता.

"ह्यो माज्या आयचा हाय," मंगळ्या म्हणाला.

"काय?"

"पावसात लाकूड वलं. खाली टायर घातल्याबगर सरन धरत नाय. आय म्हनली व्हती, मंगळ्या, मला पुरी जाळ रं, कुत्र्यांच्या तोंडी देव नको. म्हनून मी टायर आनून, चुना मारून, हितं टांगला. चुना मारला का त्यो सरनाचा, मंग कुनी हात लावत नाय. आय गेली त्या दिशी बगतो, तं नुसती दोरी लोंबत व्हती."

"मग रे?" बाबांनी विचारलं.

"अर्धीच जळली. वरनं पाऊस कोसळत व्हता. उरलेली राखत बसलो. पहाटं डोळा लागला..."

त्यानं ओढ्याकडं बोट केलं.

ओमकारला पडवीतल्या जिभा आठवल्या. तो कडेला जाऊन भडाभडा ओकला.

"नाव काय तिचं?" बाबांनी विचारलं.

"बाईजा."

"ओमकार, उतरव चाक."

"बाबा, पन काला? तुमी वरीसभर..."

"काला माझ्यावाचून व्हईल. ही बाई अर्धी राहिलीय."

मंगळ्यानं उरलेले अवशेष ओढ्याच्या काठी पुरले होते. त्या जागेवर टायर ठेवला. टाकीतलं पेट्रोल ओतलं. वर पाऊस चालू असताना टायरनं एका काडीत पेट घेतला. बाबांनी टाळाची एक वाटी दगडावर ठेवली, उजव्या हातातली तिच्यावर मारत राहिले. रामकृष्णहरी... रामकृष्णहरी... तोच त्यांचा शेवटचा टाळ.

टायरमधून पिवळं तेल गळत होतं. मंगळ्या "आय, आय" करत होता. ओमकार नाक दाबून उभा होता आणि तरीही वास तोंडात चव होऊन उतरत होता. शेवटी फक्त तारा उरल्या.

सप्त्याहून परतणाऱ्या टेंपोनं बापलेकांना घरी आणलं.

आता मला सांगा... तो टायर सरणाला लागलाच नव्हता. बाईजाच्या देहाला त्याचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. मग ती चरबी कुणाची? तो केस कुणाचा?

मला उमगलेलं नाही. ओमकारलाही नाही.

तो अनंताला जाब विचारायला गेला होता. अनंता भजी खात होता. बोटं चाटत म्हणाला, "मेलेल्याला काय करायचाय टायर?" भुताची भीती वाटते हो, पण किळस मला त्या बोटांची येते.

ओमकार अजून भातावर तूप घेत नाही. बाबांची डावी बाजू पुन्हा पहिल्यासारखी निर्जीव झाली. फक्त कुशीतली एक जागा सोडून. पाऊस लागला की ती गार पडते. मग बाबा रात्रभर बसून असतात.

"भिजतीया रे अजून," म्हणतात.

तर एवढं करा. आज देवापुढं दिवा लावाल, आपल्या गेलेल्या माणसांना आठवाल, तेव्हा तिचंही नाव घ्या. बाईजा. डोळखांबच्या रानातली, मंगळ्याची आय.