नसीमखालाचा कटोरा

आशाबाईच्या घरातून भांडं रिकामं परत आलं, असं अख्ख्या पुंडलिकनगरात कुणी सांगून दाखवावं! शेंद्र्याच्या शेतकरी घरातली बाई ती. कुणी वाटीभर दिलं की हिनं परातभर द्यायचं. मागच्या गल्लीतल्या नसीमखालाशी तर कैक वर्षं चढाओढ चाललेली. ईदेला खालाचा शिरखुर्मा आला की त्याच कटोऱ्यात इकडून धपाटे. खाला हसायची, "दोस्ती में इत्ता हिसाब नक्को गे." आशाबाईची मान ताठ. "आमच्यात असंच असतंय."

लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर सोयगावला राहून ती परतली, तर फळीवर खालाचा कटोरा तसाच. लई लाज वाटली तिला. बसल्या बैठकीला धपाटे थापले, कटोरा भरला आणि दिवेलागणीला निघाली.

खालाच्या घरात अंधार होता. दार अर्धवट उघडं, आतून लोबानाचा आणि ओल्या मातीचा वास.

"खाला?"

"आशा..." आवाज पार आतून आला. "भरके नक्को ला... खाली दे."

"का वो?"

"भरके लाई तो... मेरेकू भी भरके आना पड़ता."

आशाबाई पाऊलभर मागं सरली. पण रिकामा कटोरा? तिच्या हातून? "जमायचं नाय," ती कशीबशी म्हणाली आणि कटोरा उंबऱ्यावर ठेवला. आतून मातीनं माखलेला हात आला. कटोरा आत गेला.

धापा टाकत घरी आली तर सून सुरेखा दारात. "आत्याबाई, खालांकडं गेलता? अहो, त्या जाऊन पंधरवडा झाला. घराला कुलूप हाय. तुम्ही बाळंतिणीपाशी, तिथं कसं सांगायचं..."

 मैत्रिणीचं तोंडही बघता आलं नाही म्हणून आशाबाई रात्रभर रडली.

पहाटे चहाला उठली. ओट्यावर कटोरा. काठोकाठ शिरखुर्मा, वाफाळता.

तिला सगळं कळलं. रिकामा नेऊन ठेवला की संपलं; खाला सुटेल. तिनं कटोरा घासला, लख्ख पुसला. दारापर्यंत गेलीसुद्धा. आणि थांबली. आशाबाईनं रिकामा कटोरा द्यायचा, तोही नसीमखालाला?

मान आपोआप ताठ झाली. ती माघारी वळली आणि पिठाच्या डब्यात हात घातला.

मागं पाट सरकला.

"सावकाश कर गे... बैठी मैं."